मिठातला तुकडा आणि आमचा हमीद

मंडळी, हेडमास्तर साहेब, आणि हमीदचे मोठे बंधू युसूफभाई,

हमीदच्या शोकसभेला आज या शाळेच्या हॉलमध्ये माणूस मावत नाहीये. मोरा बंदरातली मंडळी आहेत, जासईची आहेत, पनवेलहूनही काही आली आहेत. मला इथं बोलायला उभं केलंत, कारण हमीद आणि मी याच शाळेत एका बाकावर बसलो. खरं सांगू? मला बोलायचं नव्हतं. जो माणूस गेला, त्याचा मी आयुष्यभर हेवा केला. हो, हेवाच. युसूफभाई, रागावू नका. खोटी स्तुती करायला मी आलेलो नाही, आणि हमीदला ती चाललीही नसती.

शाळेत त्याचा पहिला नंबर, माझा दुसरा. डॉक्टर आम्ही दोघंही झालो. मी उरणात दवाखाना टाकला. हा मुंबईच्या इस्पितळात तपासणीच्या खोलीत जाऊन बसला. आजाऱ्याच्या अंगातला तुकडा मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर घेऊन रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगायचं, हा कॅन्सर आहे की नाही. मी त्याला हसायचो. म्हणायचो, "अरे, ना नाडी बघायची, ना औषध द्यायचं. हा कसला डॉक्टर?" तो म्हणायचा, "तू माणूस बघ, मी त्याचा तुकडा बघतो. दोघांचं जमलं तर बरं."

मग काय झालं? रात्रंदिवस खोकले नि ताप मी बघायचे, आणि गावाच्या तोंडी नाव कोणाचं? काचवाल्या डॉक्टरचं! पोटात दुखणार नाही तर काय होणार?

आणि माझ्या आक्काचं तर विचारूच नका. ती बघा, पुढं बसली आहे. माझी सख्खी थोरली बहीण. आक्का, सांगतो गं आज. तू डोळे वटारलेस तरी सांगतो.

आक्काला मशेरी लावायची सवय. आमच्याकडे कुठल्या बाईला नाही? गालात एका जागी जखम झाली. भरेना. कडा कडक झाल्या. मी बघितली आणि ठरवून टाकलं. कॅन्सर. मी आजही म्हणतो, ती जखम बघून कोणीही तेच म्हटलं असतं. मुंबईचे सर्जनही तेच म्हणाले. अर्धा जबडा काढावा लागेल म्हणाले.

हमीदसाठी मी तुकडा काढला, औषधाच्या पाण्यात घातला आणि बाटली भावजींच्या हाती दिली. भावजी म्हणजे आक्काचे यजमान. मान खाली घालू नका भावजी, आपलीच माणसं आहेत. मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना भावजींनी बूच उघडून वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, पाणी नासलं, आता तुकडाही नासणार. जन्म मिठागरावर गेलेला माणूस! पाणी खाडीत ओतलं आणि बाटलीत आपल्या आगरातलं चांगलं जाडं मीठ भरलं. मासळी टिकते, मग हा टिकणार नाही?

टिकला हो! पण कोळंबीच्या सोड्यासारखा सुकून टिकला.

हमीदचा निरोप आला, "वाचता येत नाही. पुन्हा तुकडा घ्यावा लागेल." मी लाँच पकडली आणि त्याच्यापुढं जाऊन भांडलो. म्हटलं, "अरे, दिसतंय ना डोळ्यांना! उशीर झाला तर बहीण जाईल माझी. लिहून दे कॅन्सर म्हणून." तो म्हणाला, "धर्मा, तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. पण मला जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही. मला माहीत नाही."

मला माहीत नाही! मंडळी, डॉक्टर होऊन हे म्हणायला छाती लागते. मी दवाखान्यात हे म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुत्रं फिरकलं नसतं. हा म्हणायचा, आणि लोकांचा विश्वास वाढायचा. याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा.

रविवारी तो स्वतः आला. आक्काच्या ओटीवर बसला, जवळा-भाकरी खाल्ली. भावजींना एका शब्दानं टोचलं नाही. उलट म्हणाला, "औषधाला वास का येतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं." मी दुसरा तुकडा घेतला तेव्हा आक्कानं हात धरला तो त्याचा. बाटली तो आपल्या पिशवीत घालून घेऊन गेला.

निघाला क्षय. गालातली क्षयाची जखम. इंजेक्शनं घेतली, भरून आली. जबडा जिथल्या तिथं राहिला, आणि जीभही. त्या जिभेनं ती वर्षानुवर्षं मला ऐकवत आली, "तुज्यापरीस हमीद बरा." खाडीत मोठा जिताडा मिळाला की तो हमीदला. मला बोटभर मांदेली! मी म्हणायचो, "आक्का, इंजेक्शनं कोणी दिली?" ती म्हणायची, "सुया टोचाला काय, कंपाउंडरपन टोचतं."

हसता काय? मला लागायचं ते.

अलीकडे तो नवीनच काही शिकत होता. तुकडा न कापता नुसतं खरवडून पेशी काचेवर घ्यायच्या आणि वाचायच्या. म्हणाला होता, मोऱ्याला येतो, बायकांची तोंडं तपासू. त्याआधीच हृदयानं दगा दिला. चाळिशी कुठं नुकती उलटली होती!

आणि आक्काच्या दुसऱ्या गालात पुन्हा चट्टा आलाय. मी कधीचा मागे लागलो होतो, तुकडा काढू दे. तिचं एकच, "हमीद येउंदे." सख्खा भाऊ दारात, आणि ही वाट बघत होती त्याची.

आज सकाळी ती आपणहून दवाखान्यात आली. खुर्चीवर बसली, तोंड उघडलं. म्हणाली, "घे. पन नीट घे. हमीदला वाचता यावा असा घे."

मी म्हटलं, "आक्का, हमीद गेला गं."

ती म्हणाली, "मना ठावं हाय. तरी त्याला वाचता यावा असाच घे."

मंडळी, मी तसाच घेतला. उद्या पहिल्या लाँचनं मी स्वतः घेऊन जाणार आहे. त्याच्या खुर्चीवर आता कोण बसलं असेल, मला ठाऊक नाही. आणि तिच्या गालात काय आहे, तेही मला माहीत नाही.

आता आपण उभे राहू. ज्यांना दुवा मागायची त्यांनी मागावी, ज्यांना हात जोडायचे त्यांनी जोडावेत. दोन मिनिटं कोणी काही बोलू नये.

आक्का, तू बस. तुझ्या वाटचं मी उभा राहतो.