अळणी गाणं

...आणि वर माफी मीच मागायची! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी आहे, रोज तीनशे माणसांचं जेवण, तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि काय ते सांगून मोकळं व्हायचं. मालक बघायचा नाही, पाहुणा बघायचा नाही. अळणी ते अळणी. मग गाण्याला वेगळा नियम का?

झालं काय, आमच्या साडूंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दोन स्पीकर घेतले, माझ्या खांद्याएवढे उंच. तारा स्वतः जोडल्या. 'दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, साडूभाऊ,' हे मला पाच वेळा ऐकवलं. मग दर रविवारी सकाळी पाच-सहा रसिक जमायचे, पडदे ओढायचे, डोळे मिटायचे आणि 'वा' म्हणायचे. चार महिने हेच. एका रविवारी मलाही बोलावलं. बसलो. गाणं सुरू झालं... आता मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती गाणारी बाई नेमकी कुठे बसलीय पत्ता लागेना, ठेका शेजारच्या घरात चालल्यासारखा, पोटात म्हणून काही उतरेना. साडूंनी विचारलं, 'कसं वाटलं?' हो, त्यांनी विचारलं, मी आपण होऊन तोंड उघडलं नाही. म्हटलं, 'अळणी आहे.'

एक निवृत्त मास्तर होते, ते डोळे न उघडताच म्हणाले, 'त्याला पोकळी म्हणतात. तयार कानालाच कळते ती.' साडू म्हणाले, 'हे काय तुमचं पातेलं आहे का, मीठ टाकून ढवळायला?' सगळे हसले. मेहुणीबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या अर्ध्या वाटेतून परत गेल्या. माझा चहा त्या ट्रेमध्येच राहिला.

घरी बायको. 'ताईचं तोंड बघितलंत? पुढच्या रविवारी जायचं आणि माफी मागायची. चुकलो, गाणं छान होतं, एवढं म्हणायला काय जातं तुमचं?' काय जातं? तुम्हाला सांगतो, सगळं जातं. एकदा अळणीला छान म्हटलं, की दुसऱ्या दिवशी हातात पळी कोणत्या तोंडानं धरायची? पण ताई बोलेना, बायको जेवेना... गेलो दोघं.

गेलो तर स्टुलावर वायरमन, पंखा दुरुस्त करतोय, खाली रसिक डोळे मिटून. मी घसा खाकरला, 'साडूभाऊ, मागच्या रविवारी मी जे...' तेवढ्यात वरून वायरमन म्हणाला, 'साहेब, एका स्पीकरची तार उलटी लागलीय. लालच्या जागी काळी. दोन्ही आवाज एकमेकांना खातायत.'

साडू म्हणाले, 'मी स्वतः जोडलीय.'

तो म्हणाला, 'तेच म्हणतोय मी.'

उतरला, स्क्रूड्रायव्हर काढला, दोन तारांची अदलाबदल केली, आणि गाणं लावलं... काय सांगू! बाई समोर येऊन बसली, हातभर अंतरावर, ठेका थेट छातीत, खिडकीची काच थरथरतेय. मला भरून आलं, खोटं नाही सांगत. चार महिने हे लोक मिटक्या मारत अळणी खात होते, आणि हसले कोणाला? मला! मास्तर म्हणाले, 'मला पहिल्या दिवसापासून खटकतच होतं.' आणि चहाचा पहिला कप मेहुणीबाईंनी माझ्या हातात दिला. पहिला! माफी राहिली तिकडेच. अळणी ते अळणी.

परतताना बायको काय रुबाबात चालत होती, भेटेल त्याला 'आमच्या ह्यांचा कान' सांगत होती. घरात शिरलो, तिनं पर्स ठेवली, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, 'दोन महिने झाले, तुम्ही कामावर गेलात की मी गाणं शिकतेय. आता तुमच्याइतकं खरं कोण सांगणार? ऐका.'

आणि गायली. अख्खं गाणं. शेवटचं कडवं दोनदा.

तुम्हाला सांगतो... मी डोळे मिटले आणि म्हटलं, 'वा.'