भिंतीपलीकडची विहीर

माझ्या पीएचडीतला हा प्रसंग मी गाइडना अजून सांगितलेला नाही, तुम्हालाच सांगते. विषय होता, भिंतीवरच्या चित्रांमुळे लोक शहराच्या वारशाशी जोडले जातात का. कासारवाडीत एका उंच भिंतीवर कुणा चित्रकारानं जुन्या विहिरीचं सुंदर चित्र रंगवलंय. त्याच्यासमोर एक आजोबा रोज तासभर बसलेले दिसायचे. मला वाटलं, आपला प्रबंधच सापडला.

विचारलं, "आजोबा, हे चित्र बघून काय वाटतं?"

"चित्र कोन बघतंय? त्या भिंतीमागं माझ्या बापानं खनलेली विहीर हाय. भिंत बांधल्यापासनं दिसंना. लोकं म्हनत्यात, बुजवली. मला काय वर चढता येत न्हाई. तू बघतीस का, पोरी?"

मी प्रश्नावली पर्समध्ये कोंबली, स्कूटीच्या सीटवर उभी राहिले आणि पलीकडे डोकावले. येणारेजाणारे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

"आहे, आजोबा. पाणीपण आहे."

त्यांचा चेहरा एकदम सैलावला. "आन् कासव?"

"दोन आहेत."

आजोबा हळूच म्हणाले, "मी तर एकच सोडलं व्हतं."