जाड चिठ्ठी

ठेव, ठेव ती पेटी—तिथे नको, तिकिटांचे अल्बम आहेत, इकडे ठेव. चहा घे, थंड होतोय. बाबांच्या शनिवारच्या शोकसभेत मी बोलायचं म्हणतेस ना, बघू, बघू ते. आधी हा निवडणूक-प्रचाराचा बिल्ला बघ, त्यांच्या या पेटीतलाच. एकोणीसशे दहाच्या आसपासचा, अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या गव्हर्नरपदाचा उमेदवार—मिशा बघ काय ठेवल्यात! हरला असणार बिचारा. बाबा हरलेल्यांचेच बिल्ले गोळा करायचे. आठवडाभर बँकेत आकडे, आणि शनिवारी इथे, आंग मो किओ वस्तीतल्या या इमारतीखालच्या दुकानात, हरलेले गव्हर्नर. मी बिल्ला विकायचो, ते इतिहास सांगायचे—कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाला फुकटची शिकवणी. मग तोच इतिहास मी पुढच्या गिऱ्हाइकाला तिखटमीठ लावून ऐकवायचो, की बिल्ला खपलाच म्हणून समज!

तुला माहितीये, मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा दर वर्षी गव्हर्नर निवडायचे? दर वर्षी! एकाच्या हारातली फुलं सुकतात न सुकतात, तोवर पुढच्याची सभा. आणि दक्षिणेतल्या काही राज्यांत सरकारी मतपत्रिकाच नव्हती, विसावं शतक उजाडलं तरी. पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटायचे, लोक त्याच चिठ्ठ्या मतपेटीत टाकायचे. आता कागद वेगळा, रंग वेगळा—पेटीशेजारी बसलेल्या माणसाला कळणारच ना, कुणी कोणाची टाकली! तो नुसता बसायचा. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. पण ज्याच्याकडे कामाला जायचं, त्याच्या माणसासमोर दुसरी चिठ्ठी कोण काढेल? हे बाबांनी याच स्टुलावर बसून सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले होते—शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांपायी! मी हसलो होतो तेव्हा.

नाही, शनिवारी मी बोलणार नाही. 'काका, तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे'—कोण म्हणालं तुला? अकरा वर्षांत ते या दुकानाची पायरी चढले नाहीत. कामाचा व्याप, असं सांगत असतील घरी. व्याप कसला! यिशुनमधल्या आपल्या मराठी वाचक मंडळाची ती निवडणूक आठवतेय ना तुला? अध्यक्षपद ते काय, दिवाळी अंक मागवायचे आणि हॉल बुक करायचा. पण माझ्यासमोर बाबा उभे राहिले, आणि ते निवडून येणार हे मला दिसत होतं. त्यांना लोक मानायचे. मला लोक फोन करायचे—काका, फ्लॅट बघा ना, काका, एखादी नोकरी असेल तर सांगा. मी करायचो, हौसेने करायचो, पण मानणं वेगळं गं. ते मला एकदा हवं होतं.

तर, मतपत्रिका छापायचं काम माझ्याकडे—कागदाचा माणूस ना मी! दोन्ही नावांच्या, साध्या पातळ कागदाच्या, टेबलावर ठेवल्या. आणि माझ्या नावापुढे आधीच खूण छापलेल्या, जाड कागदाच्या, मी स्वतः दारात हातात दिल्या—'ही घ्या, वहिनी, उगाच पेन शोधायला नको'—आणि पेटीशेजारी खुर्ची टाकून बसलो. चकल्यांचा डबा मांडीवर. ज्याच्यासाठी मी कधी ना कधी फोन फिरवला होता, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि जाड चिठ्ठी टाकली. कुणी हरकत घेतली नाही. कशी घेतील? चकली खात होते ना!

चौतीस जाड, आठ पातळ. बाबांनी मोजून झाल्यावर एक जाड उचलली, बोटांनी चाचपली, आणि माझ्याकडे पाहिलं. भांडले असते तर बरं झालं असतं. चारचौघांत माझी लाज काढली असती तरी चाललं असतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, 'संजीव, तुम्ही पेटीपाशी होतात, तर सांगा, आमच्या क्षिप्राने—'

काही नाही. चहा घे तू. नाही गं, विचारलं आपलं सहज. बाप विचारतोच. मी म्हटलं, पातळ. म्हटलं, माझ्या डोळ्यांत डोळे घालून पातळ टाकली पोरीने. 'बरं' म्हणाले, आणि चपला शोधायला गेले. पटलं की नाही, देव जाणे. आयुष्यात गिऱ्हाइकाशी हजार वेळा खोटं बोललो असेन, पण असं—

अशी बघू नको. सोमवारपासून तुझी इंटर्नशिप सुरू व्हायची होती, मीच लावून दिलेली, एकवीस वर्षांची तू, माझ्यासमोर दुसरं काय करणार होतीस? अगं, मी तुला दोष देत नाहीये. मला फक्त माझं सांगायचं होतं, तुझं नव्हतं सांगायचं, तुझं मी कधीच कुणाला—

क्षिप्रा?

पेटी घेऊन जा. माझ्याकडे नको ती. आणि जा आता, दुकान बंद करायचंय.

दुपारचे तीन वाजलेत, दिसतंय मला. तरी बंद करायचंय. जा.