उरलेली अर्धी प्रार्थना

दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं माळेचे मणी ओढत रोझरीची प्रार्थना म्हणत होतं. दर मण्याला अर्धी प्रार्थना आजोबा म्हणायचे, उरलेली बाई. बाईंच्या छातीतली गाठ काढायची होती.

“अहो, सावकाश म्हणा. गाडी चुकतेय का तुमची?”

“तुझं उत्तर येईपर्यंत माझी एक डुलकी होते.”

“चाळीस वर्षं उत्तर देतेय. आभार माना.”

“मानतो की, रोज. तुला सांगत नाही, एवढंच.”

“आज सांगितलंत. बरं झालं.”

नर्स बाईंना आत घेऊन गेली.

“नमो मरिये, कृपापूर्णे...” आपली अर्धी म्हणून ते दाराकडे बघत थांबले.

माझी बायको वारल्यापासून घरी रोझरी म्हणताना मीही तिथंच, अर्ध्यावर थांबत होतो.

“हे पवित्र मरिये...” मी बाईंची अर्धी म्हटली.

“तुम्हीही हिच्यासारखेच सावकाश! चालू द्या, अजून सात मणी आहेत.”