गलबताचं नाणं आणि आमचे मामा

…आणि वर मलाच म्हणतो, "साहेब, तुम्ही नीट वाचत नाही!" मला! दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभा राहून मी लोकांना शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावतो, आणि हा मला सांगतो वाचत नाही! अहो, मोबाइलवरून नाणं मागवलं होतं मी त्याच्याकडून. चांदीचं, जुनं. पाकीट फोडलं तर आतून काय निघावं? नाण्याचा फोटो! चांगल्या जाड कागदावर छापलेला, वरून प्लास्टिकचं आवरण, म्हणजे बादलीत पडला तरी भिजायला नको. फोन लावला, म्हटलं नाणं कुठाय? तर म्हणतो, "साहेब, वर काय लिहिलंय बघा. 'दुर्मीळ नाण्याचा फोटो, उत्तम स्थितीत.' मग? आहे की नाही उत्तम स्थितीत?" आणि खरंच, उत्तम स्थितीत होता हो! कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता! म्हणजे माणूस लबाड, पण फोटो काय होता, तुम्हाला सांगतो!

तुम्ही म्हणाल, मुळात या भानगडीत पडलास कशाला? मला काय हौस होती? मला नाण्यातलं इतकंच कळतं, की सुटे मागितले की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं. नाद माझा नाही. नाद आमच्या सासूबाईंचा. त्यांना गलबतांची नाणी जमवायचं वेड होतं. म्हणजे नाण्यावर शिडाचं जहाज पाहिजे, मग ते कुठल्या का मुलखाचं असेना. स्वतः कधी होडीत बसल्या नाहीत, पाण्याची भीती! पण अल्बम असा, की एकेका पानावर आरमार उभं. फक्त एका पानावर एक खाच रिकामी राहिली. तीन शिडांचं गलबत. ते काही त्यांना मिळालं नाही, आणि मग त्या गेल्याच.

त्या गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणतो. आले ते एक बॅग आणि हा अल्बम घेऊन. आणि आल्यापासून गप्प. गप्प म्हणजे किती? खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर अल्बम, ते रिकाम्या खाचेचं पान उघडं, आणि नजर बाहेर. चहा घेणार? मान. जेवणार? मान. दाढी? नाही. आणि हा माणूस कोण, तर आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासणारा! लोकांची गोदामं जळायची आणि हे जाऊन राख हुंगायचे. नुसत्या वासावरून सांगायचे, आग लागली की लावली. अशा माणसाची बोलती बंद. आमची ही स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं डोकवायची, डोळे पुसायची आणि परत भांडी घासायची. घासलेलीच भांडी! शेवटी मला म्हणाली, "अहो, ते एक नाणं मिळालं ना, तर बाबा बोलतील." आता बायको असं म्हणाल्यावर नवऱ्यानं काय करायचं? मोबाइल काढायचा! दुसरं काय आहे आपल्या हातात?

तर असा तो फोटोवाला. मी तो फोटो लपवणार होतो, खरंच सांगतो. पण पाकीट मामांसमोरच फोडलेलं, त्यांच्यासाठी म्हणून! त्यांनी फोटो हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. आणि म्हणाले, "फसवलं."

एक शब्द! स्वयंपाकघरात ताट पडलं. ही धावत बाहेर. "बाबा बोलले! अहो, बाबा बोलले!" मी म्हटलं हो, बोलले, पण काय बोलले ते ऐकलंस का? तिला त्याचं काही नाही. माझे पैसे पाण्यात, आणि घरात असा आनंद, जसा काही मी पहिला नंबर काढलाय.

मग दुसरा. याला आम्ही पेटीवाला म्हणतो. त्यानं लिहिलेलं, "आजोबा नुकतेच वारले, त्यांच्या पेटीत हे सापडलं. आम्हाला यातलं काही कळत नाही. घरचा माणूस समजून स्वस्तात देतोय." वाचून मी लगेच पैसे पाठवले. म्हटलं, बघा, अडाणी असेल, पण सरळ आहे बिचारा. आणि फोटो काय होता, तुम्हाला सांगतो! तीन शिडं फुगलेली, वर निशाण, खाली लाटा, एकेक दोर मोजून घ्यावा! आलं एकदाचं. आधी खोका, खोक्यात खोका, त्यात पायमोजा, पायमोज्यात नाणं. मी ते फुंकर मारून पुसलं आणि मामांच्या तळहातावर ठेवलं. जावई म्हणून मान ताठ! आता काय, डोळ्यांत पाणी येईल, जवळ घेतील...

मामा उठले. खुर्चीतून! स्वतः! गेले ते थेट फ्रिजपाशी. फ्रिजच्या दारावर आमच्या हिनं चुंबकाचं एक फुलपाखरू लावलंय, वाण्याची चिठ्ठी अडकवायला. मामांनी नाणं त्याच्याजवळ नेलं मात्र, टक्! चिकटलं. "चांदी," मामा म्हणाले, "चुंबकाला चिकटते?" मी म्हटलं, थंडीनं चिकटलं असेल.  मग त्यांनी माझ्या खिशातलं भिंग काढून घेतलं. दुकानातलं भिंग, माझ्या खिशातच असतं. बघितलं, आणि जे सुरू झाले! "हे बघा जावईबापू. शिडं इकडे फुगलीत. म्हणजे वारा डावीकडून. बरोबर? आता निशाण बघा. निशाण उलट्या बाजूला फडकतंय! एका जहाजावर दोन वारे? अशा जहाजाचा विमा मी जन्मात उतरवला नसता! दाखवा, आणखी काय काय विकतोय तो?" मोबाइलवर त्याच्या बाकीच्या नाण्यांखालचं सगळं वाचून काढलं. "आता लावा त्याला फोन!"

लावला. मी आपला नमस्कार-चमत्कार करतोय, तेवढ्यात मामांनी फोन हिसकावला. आणि आवाज काय लागलाय! इतके दिवस साठवून ठेवलेला!

"आजोबा कधी वारले?"

पलीकडून बारीक आवाज, "जी... मागच्या महिन्यात."

"दुसऱ्या नाण्याखाली लिहिलंय परवा वारले. तिसऱ्याखाली गेल्या वर्षी. आजोबा एकच, की जास्त?"

"साहेब... दोन्ही बाजूंचे आजोबा..."

"दोन झाले. तिसरे?"

"ते... आजोबांचे भाऊ."

"सगळ्यांचे मृत्यूचे दाखले पाठवा. पेटीचा फोटो पाठवा. पेटी कुणाच्या ताब्यात होती ते लिहून द्या, सहीनिशी!"

फोन कट. परत लावला, तर लागेचना. त्यानं आमचा नंबरच बंद करून टाकला! पैसे बुडाले. पण मामा? मामांनी दाढी केली. दाढी करता करता आतून ओरडले, "भाजीत मीठ कमी होतं सकाळी!" आणि आमची ही दारात उभी, हातात टॉवेल, डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "अहो, बाबा भांडले! किती दिवसांनी भांडले हो!" आणि मग हळूच, अगदी लाडात, लग्नानंतर इतक्या लाडात कधी बोलली नसेल, "आणखी एक मागवा ना... पण यावेळी फार विचार करू नका. नेहमीसारखं घाईनंच मागवा."

नेहमीसारखं! ऐकलंत ना?

पुढं काय, मी मागवत गेलो आणि जग मला फसवत गेलं. एकानं नाण्याऐवजी कोटाचं बटण पाठवलं. गलबत होतं हो त्यावर, नाही म्हणत नाही. पण चार भोकं! एकानं चॉकलेट पाठवलं, वरून चंदेरी कागद. ते मामांनी भिंगातून तपासलं, वजन केलं आणि शेवटी खाल्लं, म्हणाले, "पुरावा नष्ट झाला, पण चांगला होता." आणि एकानं तर रिकामा डबाच पाठवला, वर म्हणतो, वाटेत पडलं असेल! पण प्रत्येकाचे फोटो काय होते, तुम्हाला सांगतो! आणि घर? घर गजबजलेलं. जेवणाच्या टेबलावर तराजू, चुंबक, भिंग. मामा एकेकाला फोनवर उभा-आडवा घेतायत, ही मागून "पाणी घ्या बाबा, घसा सुकेल," म्हणतेय, आणि मी हप्त्यानं फसतोय. पण खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. दुकानातून येताना कोपऱ्यावरच मामांचा आवाज ऐकू यायचा आणि पाय आपोआप भराभर पडायचे.

आणि मग तो घुम्या भेटला.

त्याला विचारलं, नाणं आहे? म्हणाला, "आहे." अस्सल? "हो." कधी पाठवता? "उद्या." बस! ना आजोबा, ना पेटी, ना साहेब. आणि फोटो? फोटो पाहिलात तर म्हणाल, हा काय फोटो? अंधारा, तिरका, कडेला त्याचा अंगठा! मी मनात म्हटलं, वा, हा नक्कीच अट्टल असणार. मामांना छान दोन-चार दिवस पुरेल.

नाणं आलं. मामांनी बाह्या सरसावल्या. चुंबक लावलं, चिकटेना. वजन केलं, काटा बरोबर. भिंग लावलं... शिडं एकीकडे, निशाण त्याच बाजूला. ही आणि मी दारात उभे. मामा बघतायत, बघतायत. मग भिंग खाली ठेवलं. अल्बम उघडला. नाणं त्या खाचेत सरकवलं आणि ते अस्सं बसलं, जसं काही इतकी वर्षं तिथंच होतं. मामांनी त्या पानावरून हात फिरवला. म्हणाले, "तिला दाखवायला हवं होतं."

अल्बम मिटला. खुर्ची खिडकीकडे वळवली. झालं. चहा? मान. जेवण? मान.

काय सांगू तुम्हाला... मी आजवर एवढा फसलो, पण त्या खऱ्या नाण्याइतका फटका एकाही खोट्यानं दिला नाही. आणि ही? नुसती माझ्याकडे बघून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. घासलेलीच भांडी.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंना बाणांचा तक्ता दाखवत होतो. त्या सांगतायत वर, खाली, डावीकडे, आणि माझं लक्षच नाही. त्यांना बसवलं तसंच, आणि मोबाइल काढला. म्हटलं आता साधासुधा चोर नको. शोधून शोधून असा माणूस काढला, की ज्याच्या नावाखाली नुसत्या शिव्या! 'महाठग.' 'याच्यापासून सावध.' 'माझ्या मेव्हण्यालाही यानंच फसवलं.' म्हटलं, हाच! हाच आपला माणूस! त्याच्याकडे एक चार शिडांचं गलबत होतं. किंमत विचारली नाही, घासाघीस नाही, एक प्रश्न नाही. पैसे पाठवून मोकळा. वर लिहिलं, "तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे." आणि होताच की!

पाकीट आलं. मामांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, मामा, जरा बघता का, मला शंका येतेय. मामांनी एक डोळा उघडला. चुंबक. तराजू. भिंग. मी शेजारीच उभा. हिनं माझा हात घट्ट धरलेला. मामा भिंगातून मान वर करून म्हणाले, "अस्सल आहे."

अस्सल! अहो, महाठग आणि अस्सल? मी तिथल्या तिथे फोन लावला, म्हटलं हा काय प्रकार आहे? तर पलीकडे माणूस रडतोय! "साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय, पण भरवसा आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.  पाकिटातलं खोटं काढलं आणि खरं घातलं. साहेब, तुम्ही मला माणसात आणलंत!"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे पण माझ्यावरच कशाला सुधारलास? दुसरं कुणी मिळालं नाही तुला?

तेवढ्यात खिडकीपाशी मामांचा आवाज. "कोण सुधारला?"

मी सांगितलं. मामा खुर्ची फिरवून ताठ बसले. "ठग? आपणहून? फायदा नसताना? जावईबापू, राखेला वास येतोय. द्या इकडे फोन!"

तेव्हापासून रोज चौकशी चाललीय. "सुधारलात ते नेमकं किती वाजता? त्यावेळी साक्षीला कोण होतं? आधी कधी सुधारला होतात का?" ही खुश, भाजीत मीठ कमी, दाढी वेळेवर! आणि तो बिचारा काल मला दुकानात फोन करून गयावया करतोय. "साहेब, पाया पडतो, हवं तर मी परत बिघडतो, पण त्या म्हाताऱ्यांना आवरा! सकाळ-संध्याकाळ चालूच!"

मी म्हटलं, बाबा रे, तुझं बरं आहे. तू फोन तरी बंद करू शकतोस… मी जावई आहे!