पंचावन्न किलो

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, एका जिममध्ये मिसुक बार मोकळा व्हायची वाट पाहत होती. पुढे एक काडीपैलवान आणि त्याचा ट्रेनर बोलत होते.

"अंडी खातोस, का नुसता आरशात बघतोस?"

"रोज सहा खातो, दादा. तीन किलो वाढलो."

"लग्नाला किती दिवस राहिले?"

"महिना. नवरदेवाने आईला पाठीवर घेऊन हॉलभर फिरवायचं असतं ना. आमच्याकडे तांदळाचं पोतंसुद्धा तीच उचलायची, मला हात लावू द्यायची नाही."

"आईचं वजन पंचावन्न म्हणाला होतास. तेवढं लावलंय बघ."

"काल दवाखान्यात केलं. एकोणचाळीस भरलं."

ट्रेनर बारवरच्या चकत्या काढू लागला.

"राहू द्या, दादा. पंचावन्नच असू द्या. एकदा तेवढी आई उचलून बघतो."