दारातली खुर्ची

तुम्ही म्हणता ना, मी उगीच घाबरते? मग हे ऐका. हसनाबादच्या ज्या शाळेत मी शिकले, तिथेच बाई म्हणून लागले. नोकरी अजून कच्ची होती. आणि पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी, म्हणजे माझ्या दुसरीच्या गुरुजींनी, माझ्या वर्गाच्या दारात खुर्ची टाकली. रोज येऊन बसायचे. बाकी कुणाच्या दारात नाही, फक्त माझ्या. माझी खात्रीच पटली, हे माझ्या चुका टिपताहेत. तपासणीला साहेब आले की सांगणार आणि मला घरी बसवणार.

तपासणीच्या दिवशी मला राहवलं नाही. "गुरुजी, माझं शिकवणं बराबर न्हाई का?"

"बिलकुल बराबर हाय."

"मंग रोज दार का अडवून राह्यले?"

"पोरी, दुसरीत असताना साहेबाची जीप दिसली की दप्तर घेऊन घरी कोण पळायचं? जीप कवाबी येते, आता पळालीस तर नोकरी जाईल."

"गुरुजी, मी आता लहान आहे का?"

एवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला.

गुरुजी मागं न बघताच म्हणाले, "पर्स खाली ठेव."